फकिराचे नाव, शाहिराचा डफ

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या कानावरून अनंत फंदी हे नाव गेलेले असते. पाठ्यपुस्तकातला त्यांचा उपदेशाचा फटका आजोबांना पाठ असायचा, वडिलांना अर्धा यायचा आणि नातवाला निदान सुरुवात तरी आठवते. पण फंदी हे त्यांचे आडनाव नव्हते, हे फार थोड्यांना माहीत असते. घराण्याचे आडनाव घोलप. घर यजुर्वेदी ब्राह्मणाचे, गाव संगमनेर. फंदी हे नाव त्यांना मिळाले ते गावातल्या एका मुसलमान फकिराकडून. त्या फकिराचे नाव मलिक फंदी.

रमजानच्या पहाटे रोजेदारांना सहरीसाठी उठवत गल्लीगल्लीतून फिरणारा फकीर जुन्या गावांना नवा नाही. त्याच्या हातात बहुधा डफ असतो. तमाशातल्या शाहिराच्या हातातही तोच डफ असतो. एकाच कातड्याचे, एकाच कडीचे हे वाद्य एकाने लोकांना बंदगीसाठी जागे करायला वाजवले, तर दुसऱ्याने त्यांना रात्रभर जागे ठेवायला. संगमनेरात अठराव्या शतकात या दोन वाटा एका दोस्तीत एकत्र आल्या आणि मराठीला तिचा एक मोठा शाहीर मिळाला.

अनंत घोलप यांचा जन्म 1744 चा. वडिलांचे नाव भवानीबावा, आईचे राऊबाई. प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या काठचे संगमनेर हे पुणे-नाशिक रस्त्यावरचे बाजाराचे गाव. निजामशाही, मोगलाई आणि मराठेशाही अशा तीन राजवटी या गावाने पाहिल्या. जवळच्याच पेमगिरीच्या किल्ल्यावर शहाजीराजांनी निजामशाहीच्या लहान वारसाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला होता. अशा गावात मशीद, मंदिर, दर्गा, विणकरांचे माग आणि भिक्षुकांची घरे एकमेकांपासून फार लांब नसतात. ब्राह्मणाचा मुलगा आणि फकीर यांची गाठ पडायला तिथे वेगळे निमित्त लागत नव्हते.

मलिक फंदी यांचे वागणे चारचौघांसारखे नव्हते, म्हणून लोक त्यांना फंदी म्हणत, असे परंपरा सांगते. फंद म्हणजे नाद, छंद. घरदार, कामधंदा सोडून एखाद्या गोष्टीच्या मागे लागलेल्या माणसाला गाव जे नाव ठेवते ते हे. अशा माणसाजवळ भवानीबावांचा मुलगा सतत बसू-उठू लागला, तेव्हा गावाने त्यालाही तेच नाव चिकटवले. त्या नावात थोडी चेष्टा होती, थोडी नाराजीही असणार. अनंतांनी ते झटकून टाकले नाही. त्यांनी आपल्या कवनात हेच नाव घातले. त्या काळात शाहिराचे नाव कवनाच्या शेवटी येई आणि तीच त्याची सही असे. म्हणजे गावाने चिडवण्यासाठी दिलेले फकिराचे नाव या माणसाने आयुष्यभर सहीसारखे वापरले.

पुढे ते तमाशात उतरले. पेशवाईतला तमाशा आजच्यासारखा तिकिटाचा, तंबूचा नव्हता. कनातीही नव्हत्या. गावाचा पार, वाड्याचा चौक नाहीतर छावणीतली मोकळी जागा हाच रंगमंच. डफ, तुणतुणे आणि झांज एवढीच वाद्ये. मागे सूर धरणारे झीलकरी, पुढे सोंगाड्या आणि बाईच्या वेषात नाचणारा पोऱ्या. गण झाला की गवळण, मग लावणी आणि रात्र चढत गेली की सवाल-जवाब. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसले की पहाट कधी झाली ते कळत नसे. कवन रचणारा शाहीर फडाचा म्होरक्या असे. त्याची हजरजबाबी हेच फडाचे भांडवल.

या धंद्यात सर्व जातीधर्मांचे लोक होते. होनाजी गवळी, त्यांचे जोडीदार बाळा शिंपी. सिन्नरजवळच्या बावी गावचे परशरामही शिंपी. सगनभाऊ मुसलमान, शिकलगारीचा धंदा करणारे, तलवारींना धार लावता लावता लावणीलाही धार लावणारे. सोलापूरचे राम जोशी आणि कोकणातले प्रभाकर ब्राह्मण. डफावर थाप पडली की कोणाची जात विचारली जात नसे, असे म्हणायचा मोह होतो. पण ते खरे नाही. रात्री विचारली जात नसे, सकाळी विचारली जाई. राम जोशींना तमाशाच्या नादापायी घर सोडावे लागले, ही कथा महाराष्ट्राला माहीत आहे. अनंत फंदींच्या वाट्यालाही समाजाची तीच नजर आली.

तमाशातल्या माणसाचे पोट तेव्हा कशावर चालत होते, हे समजून घेतल्याशिवाय या शाहिरांचे आयुष्य कळत नाही. ठरलेला पगार नव्हता. जत्रेत गावकरी शिधा देत, पाटील शेला-पागोटे देई, रसिक दौलतजादा करीत. खरी कमाई होती ती बिदागीची, आणि बिदागी मिळे दरबारातून. पुण्यात पेशवे आणि त्यांचे सरदार, माळव्यात होळकर आणि शिंदे, बडोद्यात गायकवाड. म्हणून शाहीर चालत राहायचा. पावसाळ्यात घरी, दसऱ्यानंतर वाटेवर. ज्याच्या चौकात गायचे त्याच्या घराण्याची कीर्ती गायची, हा अलिखित करार होता. राजकारण शाहिरापासून दूर नव्हते. ते त्याच्या भाकरीतच कालवलेले होते. दरबाराची मर्जी फिरली की फड बसायचा, आणि फडाबरोबर झीलकऱ्याची, सोंगाड्याची चूलही थंड व्हायची.

अशाच एका दरबारात अनंत फंदींच्या आयुष्याने वळण घेतले. नगर जिल्ह्यातल्या चौंडीची लेक, इंदूरच्या होळकरांची सून आणि पुढे महेश्वरहून कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई यांचा तो काळ. आज जिल्हा ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या याच. परंपरा असे सांगते की फंदींची कीर्ती अहिल्याबाईंच्या कानावर गेली, त्यांनी त्यांचा मान केला आणि मग कानउघाडणीही केली. वाणीची एवढी देणगी असलेल्या ब्राह्मणाने ती तमाशात खर्च करावी, हे त्यांना रुचले नाही. हीच वाणी त्याने देवाच्या दारी लावावी, अशी त्यांची इच्छा होती. फंदींनी ते ऐकले. डफ खाली ठेवला आणि ते कीर्तनाला उभे राहिले.

ही कथा नेहमी एका माणसाच्या सुधारणेची कथा म्हणून सांगितली जाते. तिच्यात अहिल्याबाईंच्या शब्दाचे वजन दिसते आणि फंदींचा मोठेपणाही दिसतो. भर कीर्तीच्या काळात चालता धंदा सोडणे सोपे नसते. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. डफ खाली ठेवल्यावर जायला दुसरी जागा असावी लागते. अनंत घोलपांना ती होती. जन्माने ब्राह्मण, संस्कृत-पुराणांची ओळख असलेल्या घरात वाढलेले. देवळाच्या सभामंडपात नारदाच्या गादीवर उभे राहण्याचा अधिकार समाजाने त्यांना आधीच दिलेला होता. त्यांच्या मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्याला, पायात चाळ बांधून नाचणाऱ्या पोऱ्याला तो नव्हता. तमाशातले कितीतरी कलावंत महार, मांग, कोल्हाटी समाजांतून आलेले. त्यांच्यासाठी कीर्तनाचा सभामंडप सोडा, देवळाची पायरीही बंद होती. म्होरक्या धंदा सोडून प्रतिष्ठेत गेला तेव्हा त्याचे साथीदार दुसरा म्होरक्या शोधायला निघाले असतील. इतिहासाने म्होरक्याचे पुण्य लिहून ठेवले, साथीदारांची भाकर लिहून ठेवली नाही.

फंदी मात्र कीर्तनात गेले तरी तमाशात कमावलेली भाषा विसरले नाहीत. फटका हा त्यांचा खास प्रकार. त्या प्रकाराचे जनकत्व मराठी साहित्याचा इतिहास त्यांनाच देतो. वेगवान चाल, रोजच्या बोलण्यातले शब्द आणि चाबकासारखा उपदेश. मळलेली वाट सोडून आडरानात शिरू नये, खोटे बोलू नये, नम्रतेने वागावे, मनात राग धरू नये, घरसंसार सांभाळावा, असे त्यांचे सांगणे. यात नवे तत्त्वज्ञान नाही. नवी आहे ती सांगण्याची पद्धत. शास्त्र्याचा उपदेश वरून येतो, फंदींचा उपदेश पारावर शेजारी बसलेल्या जाणत्या माणसासारखा येतो. रोजा पोटाबरोबर जिभेचाही असतो, हे रमजानमध्ये मशिदीतले इमाम दरवर्षी सांगतात. निंदा, खोटेपणा आणि रागापासून जीभ आवरायची ही शिकवण फंदींच्या फटक्याशेजारी ठेवली तर दोन्ही एकाच घरात वाढल्यासारख्या वाटतात. फकिराशेजारी बसण्यात ज्याची उमेद गेली, त्या माणसाच्या बाबतीत याचे आश्चर्य वाटायला नको.

गंमत अशी की लोकांना भटकू नका म्हणून सांगणारा हा माणूस स्वतः जन्मभर भटकत होता. संगमनेर, पुणे, माळवा. वाटेवरचे धोके ज्याने स्वतः पाहिले, त्याच्याच तोंडी हा सल्ला शोभतो.

लावणीचा तमाशा सुटला, पण पोवाडा सुटला नाही. त्या काळी मराठीत वर्तमानपत्र नव्हते. पहिले मराठी वृत्तपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण, निघाले ते 1832 मध्ये. त्याआधी रणांगणावर काय झाले, कोणता सरदार पुढे होता, कोणी माघार घेतली, हे गावाला शाहिराच्या तोंडून कळे. मार्च 1795 मध्ये जामखेडजवळ खर्ड्याला मराठे आणि हैदराबादचे निजाम अली यांची गाठ पडली. पेशव्यांबरोबर शिंदे, होळकर, भोसले असे सारे सरदार एका झेंड्याखाली उभे राहिले. तसा योग पुन्हा आला नाही. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडून तह करावा लागला. खर्डा फंदींच्याच मुलखातला. त्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा गाजला.

ही लढाई कोणत्या धर्माची कोणत्या धर्माशी होती, असे कोणी विचारले तर त्या काळच्या माणसाला प्रश्नच कळला नसता. मराठ्यांच्या तोफखान्यात आणि फौजेत मुसलमान होते, निजामाच्या फौजेत हिंदू सरदार होते. प्रश्न चौथाईच्या थकबाकीचा, मुलखाचा आणि वजनाचा होता. पोवाडा रचणारा शाहीर स्वतः एका फकिराचे नाव लावून गात होता आणि ते त्याला किंवा त्याच्या श्रोत्यांना कुठेही खटकत नव्हते.

खर्ड्याचा आनंद टिकला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहिल्याबाई गेल्या. ऑक्टोबरमध्ये शनिवारवाड्यात सवाई माधवराव वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे 21 होते. गादीसाठी कारस्थाने सुरू झाली आणि 1796 मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले. सवाई माधवरावांच्या चरित्रावर आणि मृत्यूवर फंदींनी ओवीबद्ध रचना केली. ती माधवग्रंथ किंवा श्रीमाधवनिधन या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या बाजीरावांच्या सांगण्यावरून ती लिहिली गेली, असे म्हटले जाते. आधीचा पेशवा अकाली गेला म्हणून ज्याला गादी मिळाली, त्यानेच त्या मृत्यूचे काव्य सांगावे आणि दरबाराच्या बिदागीवर जगणाऱ्या कवीने ते लिहावे, यात त्या काळच्या कलावंताची सारी परिस्थिती येते. त्याने शोक केला तो खराच असेल. पण शोक कधी करायचा आणि कोणाच्या वाड्यात करायचा, हे ठरवणारे दुसरे होते.

बाजीरावांच्या काळात पुण्यात शाहिरांची चलती होती. होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ सारे त्याच काळातले. लावणीला रागदारीचे वळण लागले, वाड्यांतून बैठकी रंगल्या. बाहेर मात्र राज्य ढासळत होते. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. पेशवे पळाले आणि वर्षअखेरीस वसईला त्यांनी इंग्रजांशी तह केला. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. फौजांनी उभी पिके तुडवली, पुढे पावसानेही दगा दिला आणि 1803-04 चा भयंकर दुष्काळ नगर-नाशिकच्या मुलखावर कोसळला. ज्या गावात दाणा उरला नाही, त्या गावात जत्रा कशी भरणार आणि फडाला शिधा कोण देणार? राज्यकर्त्यांच्या लढाया इतिहासात तारखांनी मोजल्या जातात. कलावंताच्या घरात त्या उपासाने मोजल्या गेल्या.

जून 1818 मध्ये बाजीराव इंग्रजांना शरण गेले. वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन ते कानपूरजवळ बिठूरला राहायला गेले. पेशव्याची सोय लागली. त्याच्या दरबारावर जगणाऱ्या गवयांची, नर्तकींची, शाहिरांची सोय कोणी लावली नाही. पुढच्याच वर्षी, 1819 मध्ये, अनंत फंदी वारले. मराठी राज्याच्या शेवटाबरोबर त्यांच्या पिढीच्या शाहिरीचाही शेवट झाला.

तमाशा मात्र संपला नाही. दरबार गेल्यावर तो जत्रेकडे वळला, पुढे कनातीत आणि तंबूत शिरला. सरदाराच्या बिदागीची जागा तिकिटाच्या पैशाने घेतली. अहिल्याबाईंच्या कानउघाडणीची आठवण व्हावी असे प्रसंगही पुन्हा आले. स्वातंत्र्य मिळताच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. ती पुढे उठली, पण शाहिराने काय गावे हे सत्तेने ठरवण्याची जुनी सवय नव्या राज्यातही राहिली.

आणि संगमनेरचा तमाशाशी असलेला संबंधही तुटला नाही. याच तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावची पवळा. दलित घरात जन्मलेली, लहानपणी खंडोबाला वाहिलेली. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कुलकर्णी, या ब्राह्मण शाहिराच्या फडात ती उभी राहिली आणि तिने तमाशात बाईच्या वेषातल्या पोऱ्याची जागा खऱ्या बाईला मिळवून दिली. तिच्या नावावर थिएटरे भरली. पण अनंत फंदींना जो दरवाजा उघडा होता तो पवळेला कधीच उघडला नाही. तिला कोणत्याही राणीने कीर्तनाला उभे राहायला सांगितले नसते, आणि सांगितले असते तरी समाजाने तिला उभे राहू दिले नसते. कांताबाई सातारकरांनीही आपल्या फडाचे बिऱ्हाड संगमनेरातच मांडले. 2021 च्या मे महिन्यात करोनाच्या लाटेत त्या गेल्या तेव्हा लागोपाठ दोन हंगामांवर टाळेबंदीचे सावट होते, आणि उचल घेऊन बसलेले कलावंत मिळेल ती मजुरी करत होते. दसऱ्याला वाटेला लागायचे आणि उन्हाळ्यात घर गाठायचे, हा फंदींच्या काळातला क्रम अजून तोच आहे. कलावंताचे पोट दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हेही तेच आहे.

1891 मध्ये हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे छापून काढले, तेव्हा गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडी असलेले पेशवाईचे आवाज कागदावर आले. शाळिग्रामांसारख्या संग्राहकांमुळेच फंदींची रचना आपल्यापर्यंत पोहोचली. संगमनेरात आज त्यांच्या नावाने व्याख्यानमाला भरते. दूरदूरचे वक्ते येतात आणि व्यासपीठावरून कवी अनंत फंदी असा उच्चार करतात.

पेशव्यांनी दिलेले शेले जिरले, होळकरांची बिदागी खर्च झाली, ज्यांची कीर्ती गायली ती राज्येही गेली. मलिक फंदी यांच्याजवळ द्यायला यातले काहीच नव्हते. फडात उभे असताना, कीर्तनाला उभे राहिल्यावर आणि पेशव्यांसाठी लिहितानाही घोलपांच्या घरातल्या या मुलाने नाव लावले ते त्यांचेच. आज शाळेतले मूल फटका म्हणून झाल्यावर कवीचे नाव घेते, तेव्हा त्या नावाच्या दुसऱ्या अर्ध्यात संगमनेरच्या एका फकिराचा उच्चार असतो.